हातून घडलेले : ग्रीक शोकांतिकेतील दैव, कर्तृत्व आणि भावविरेचन

माणसाच्या आयुष्यात काही अनिष्ट घडले म्हणजे ते सांगण्याच्या तीन रीती मराठीत आहेत. ‘मी केले’ ही एक, ‘माझ्या नशिबी आले’ ही दुसरी, आणि या दोहोंच्या मधली ‘माझ्या हातून घडले’ ही तिसरी. पहिलीत कर्ता आहे आणि त्याचा हेतूही आहे. दुसरीत कर्ता नाही, केवळ भोगणारा आहे. तिसरीत हात आहे, कृत्य आहे. हेतू मात्र नाही. बोलताना आपण या तिन्हींतून एकीची निवड सहज करून जातो. न्यायालयाला मुख्यतः पहिल्या वाक्याशी कर्तव्य असते, ज्योतिषाला दुसऱ्याशी. तिसऱ्या वाक्याचा विचार कोणी करावयाचा? आमच्या समजुतीप्रमाणे अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्स नगरीत तो विचार शोकांतिकेने केला, आणि तो इतक्या खोलवर केला की दैव आणि इच्छास्वातंत्र्य यांचा वाद व प्रेक्षकांच्या अश्रूंचा प्रश्न हे दोन्ही त्यातच येऊन मिळाले.

ग्रीक शोकांतिका दैवाची आणि शेक्सपिअरची शोकांतिका स्वभावाची, अशी एक सुटसुटीत वाटणी आपल्याकडे वर्षानुवर्षे सांगितली जाते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ती शोभतेही. परंतु ग्रीक नाटककार केवळ दैवाचा विजय दाखवीत असते, तर अथेन्सच्या नागरिकांनी दरवर्षी वसंत ऋतूत डायोनिससच्या उत्सवात अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर दिवसचे दिवस बसून ती नाटके का पाहावीत, याचा उलगडा होत नाही. तीन नाटककारांनी प्रत्येकी तीन शोकांतिका व एक हास्यप्रधान सॅटिरनाट्य सादर करावयाचे, एखाद्या धनिक नागरिकाने कोरसचा खर्च सोसावयाचा, आणि नागरिकांतून निवडलेल्या परीक्षकांनी निकाल द्यावयाचा, असा तो सोहळा होता. जे लोक लोकसभेत युद्धाचे आणि न्यायसभेत शिक्षेचे निर्णय घेत, तेच येथे प्रेक्षक म्हणून बसत. निर्णय घेणाऱ्या माणसांना ‘तुमच्या निर्णयांना काही अर्थ नाही’ एवढेच ऐकावयाचे असेल, हे संभवनीय दिसत नाही.

दैव या अर्थी ग्रीक भाषेत जो ‘मोइरा’ शब्द येतो, त्याचा मूळ अर्थ वाटा किंवा हिस्सा असा आहे. आपल्या ‘भाग्य’ शब्दातही भागच दडलेला आहे, आणि ‘वाट्याला आले’ असे तर आपण रोजच म्हणतो. वाटा ही कल्पना नीट ध्यानात घेतली पाहिजे. जेवणाच्या पंगतीत पानात काय वाढले जाईल ते आपल्या हाती नसते. परंतु जेवतो ते आपणच. मोइरा माणसाच्या आयुष्याची मर्यादा ठरविते. त्या मर्यादेच्या आत घडणारी प्रत्येक हालचाल ती हाताने ओढून करविते, असे प्राचीन ग्रीकांना अभिप्रेत नव्हते. होमरच्या काव्यातही एकाच कृत्याचे श्रेय देवाला आणि माणसाला, दोघांनाही दिले जाते, आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही.

आता सोफोक्लीसच्या ‘राजा ईडिपस’ या नाटकाकडे वळू. पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ या नावाने ते मराठीत आणल्यामुळे आपल्या वाचकांना ते परके नाही. ईडिपस आपल्या पित्याचा वध करील आणि मातेशी विवाह करील, असे डेल्फीचे भाकित होते. ते टाळण्यासाठी तो कोरिंथ सोडतो, आणि टाळण्याच्या त्या वाटेवरच, तीन रस्ते मिळतात तेथे, एका वृद्धाशी तंटा होऊन त्याला ठार करतो. पुढे स्फिंक्सचे कोडे सोडवून थीब्जचा राजा होतो आणि विधवा राणी जोकास्टेशी लग्न करतो. एवढे सांगितले की कथा दैवाची झाली, असे वाटते. परंतु यातले काहीही रंगमंचावर घडत नाही. नाटकाचा पडदा उघडतो, असे आपल्या भाषेत म्हणू, तेव्हा हे सारे घडून कितीतरी वर्षे लोटलेली आहेत. भाकित केव्हाच खरे ठरले आहे. मग नाटकात उरते काय? उरतो तो शोध.

थीब्जमध्ये रोगराई पसरली आहे, आणि पूर्वीचा राजा लायस याचा मारेकरी सापडल्याखेरीज ती हटणार नाही, असा देवाचा निरोप आला आहे. ईडिपस शोध आरंभतो. ज्ञानी टायरेसियस बोलण्याचे नाकारतो. ईडिपस त्याला बोलते करतो. कोरिंथहून आलेल्या दूताच्या शब्दांतून जोकास्टेला सत्य उमगते आणि ती पतीला कळवळून सांगते की आता पुढे विचारू नकोस; तो ऐकत नाही. अखेरीस म्हातारा मेंढपाळ गयावया करतो. त्याच्याकडूनही तो शेवटचा शब्द वदवून घेतो. तीन जणांनी तीन वेळा दार लावून घ्यावे आणि एकाच माणसाने ते पुनःपुन्हा उघडावे, असा हा प्रकार आहे. पित्याचा वध आणि मातेशी विवाह हे भाकितात होते. हा शोध भाकितात नव्हता. ई. आर. डॉड्स या अभ्यासकांनी १९६६ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात याकडे लक्ष वेधले होते : ईडिपसच्या विनाशाचे निकटचे कारण दैव नव्हे, तर प्रजेविषयीची आणि सत्याविषयीची त्याची निष्ठा होय.

येथे एक शंका रास्त आहे. अपोलो सारे उघडकीस आणण्यास समर्थ आहे, असे टायरेसियस नाटकातच बजावतो. मग शोधही दैवाचाच भाग का मानू नये? या शंकेचे उत्तर होमरकडे पाहिल्यास मिळते. ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात ही कथा थोडक्यात आली आहे. तेथे देवच सत्य प्रकट करतात, राणी गळफास घेते, आणि ईडिपस दुःख भोगीत थीब्जवर राज्य करीत राहतो. तेथे त्याने शोध केल्याचा उल्लेख नाही, डोळे फोडून घेतल्याचाही नाही. म्हणजे कथा दुसऱ्या रीतीने सांगता येत होती. देवाने उघड करावयाचे सत्य सोफोक्लीसने माणसाकडून उघड करविले. देव समर्थ असेल. परंतु नाटककाराने ते काम ईडिपसच्या हाती दिले, आणि नाटक उभे राहिले ते त्यामुळेच.

नाटकाच्या शेवटी रक्तबंबाळ डोळ्यांनी बाहेर आलेल्या ईडिपसला कोरस विचारतो, की हे करावयास तुला कोणत्या देवतेने प्रवृत्त केले? त्याच्या उत्तराचा आशय असा की हे भोग आणले अपोलोने. परंतु घाव घालणारा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता, माझाच होता. दैव आणि कर्तृत्व यांच्या वादाचा निकाल तो कोणत्याही एका बाजूने देत नाही. दोन्ही बाजू एकाच श्वासात मान्य करतो.

हा पेच केवळ ईडिपसचा नाही. एस्किलसच्या इ. स. पूर्व ४५८ मधील ‘ओरेस्टिया’ या नाट्यत्रयीत अ‍ॅगामेम्नॉन ऑलिस बंदरात अडकून पडला आहे. वारा प्रतिकूल आहे, आणि कन्या इफिजेनिया हिचा बळी दिल्याखेरीज तो अनुकूल होणार नाही. कन्येला वाचवावे तर सैन्य बुडते. सैन्याला वाचवावे तर कन्या मरते. परिस्थितीने त्याला कोंडले, हे खरे. तरीही कोरसच्या वर्णनात अनिवार्यतेचे ते जू त्याच्या मानेवर कोणी बळजबरीने ठेवीत नाही. तो आपण होऊन त्याखाली मान देतो. एवढेच नव्हे, तर एकदा मान दिल्यावर त्याचे मनही पालटते आणि जे असह्य होते ते त्याला योग्य वाटू लागते. अनिवार्य कृत्य करावे लागणे ही एक गोष्ट. ते करताना डोळ्यांतले पाणी आटणे ही दुसरी. पहिलीबद्दल त्याला आपण क्षमा करू शकू, दुसरीबद्दल करू शकत नाही. येथे स्वातंत्र्य काय करावे यात फारसे उरले नव्हते; ते कोणत्या मनाने करावे यात उरले होते.

हे प्रश्न अथेन्सच्या व्यवहारातही जिवंत होते. ड्रॅकोने इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या कायद्यात हेतुपुरस्सर वध आणि अहेतुक वध यांत भेद केला होता. अहेतुक वध करणाऱ्याला देहान्त नव्हता. परंतु त्याला देशाबाहेर जावे लागे, आणि मृताच्या जवळच्या आप्तांनी एकमताने क्षमा केली तरच परत येता येई. हेतू नव्हता म्हणून कृत्य घडलेच नाही, असे कायदा मानीत नव्हता. प्लूटार्कने पेरिक्लीसच्या चरित्रात एक प्रसंग दिला आहे. क्रीडास्पर्धेत भाला लागून एक जण मेला. तेव्हा दोष भाल्याचा, भाला फेकणाऱ्याचा, की स्पर्धा भरविणाऱ्यांचा, यावर पेरिक्लीस आणि तत्त्वज्ञ प्रोटॅगोरस यांनी सबंध दिवस चर्चेत घालविला म्हणे. पेरिक्लीसच्या पुत्राने हा प्रसंग पित्याची थट्टा करण्यासाठी पसरविला होता. आम्हांस मात्र तो दिवस वाया गेला असे वाटत नाही.

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील ग्रंथात याच गाठीला हात घातला. अज्ञानाने केलेले कृत्य स्वेच्छेचे नव्हे, हे तो मान्य करतो. पण तेथेच न थांबता एक सूक्ष्म भेद सांगतो. कृत्य कळल्यानंतर ज्याला दुःख आणि पश्चात्ताप होतो, त्याचेच कृत्य त्याच्या इच्छेविरुद्ध घडले असे म्हणावे. ज्याला काहीच वाटत नाही, त्याचे कृत्य फार तर इच्छेविना घडले, इच्छेविरुद्ध नव्हे. याचा अर्थ असा की ‘माझ्या हातून घडले’ हे वाक्य खरे आहे की पळवाट आहे, याची कसोटी कृत्याच्या क्षणी नसते, ती नंतर असते. पूर्वी घडलेल्या गोष्टीचे नैतिक स्वरूप माणूस पुढे कसा वागतो त्यावर अवलंबून राहावे, हा विचार प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो. पण घरातल्या अनुभवाशी तो ताडून पाहावा. हातून भांडे फुटले तर मुलाला कोणी रागावत नाही. ‘मी मुद्दाम केले नाही’ असे म्हणून तो हसत निघून गेला, तर मात्र आपण रागावतो.

आपल्या महाकाव्यांतही असे प्रसंग आहेत. हत्ती पाणी पितो आहे असे समजून दशरथाने शब्दवेधी बाण सोडला आणि तो एका तपस्वी पुत्राला लागला. शोकांतिकेच्या नायकाकडून जी ‘हॅमार्शिया’ होते असे ॲरिस्टॉटल म्हणतो, त्या शब्दामागे नेम चुकण्याची कल्पना आहे. दशरथाचा बाण तर नेमका लागला. लक्ष्य मात्र भलतेच निघाले. तरीही दशरथ अंधारात निघून जात नाही. भरलेली घागर घेऊन त्या आंधळ्या मातापित्यांपुढे उभा राहतो आणि आपले कृत्य सांगतो. कर्ण हा आपला ज्येष्ठ बंधू होता हे युद्धानंतर कळल्यावर युधिष्ठिराचे राज्यावरून मन उडते, तेही याच जातीचे दुःख आहे. तथापि आपल्या परंपरेत अशा दुःखाला शाप, पूर्वकर्म आणि पुढचा जन्म यांचा आधार मिळतो. ग्रीक रंगमंचावर तो आधार जवळजवळ नाही. तेथे माणूस आणि त्याचे कृत्य एवढीच दोघे समोरासमोर असतात.

आता अश्रूंकडे येऊ. करुणा आणि भय यांच्याद्वारे शोकांतिका त्या भावनांचे ‘कॅथार्सिस’ घडविते, असे ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त म्हटले. विंदा करंदीकरांनी हा ग्रंथ मराठीत आणला आहे. उपलब्ध ग्रंथात या शब्दाचे स्पष्टीकरण नाही, आणि त्यामुळे वादाला अंत नाही. कोणी त्याला शुद्धीकरण म्हटले. याकोब बर्नेज या जर्मन पंडिताने १८५७ साली त्याचा वैद्यकीय अर्थ पुढे आणला, की शरीरातील दोष औषधाने निघून जावेत तसा साचलेल्या भावनांचा निचरा होतो. मराठी समीक्षेत रूढ झालेला ‘विरेचन’ हा शब्दही वैद्यकातलाच आहे. प्लेटोचा आक्षेप याच्या नेमका उलट होता : जे भाव सुकवावयाचे त्यांना काव्य पाणी घालते, असे त्याचे म्हणणे.

केवळ रडल्याने मन मोकळे होते एवढाच विरेचनाचा अर्थ असता, तर फ्रिनिकसचा सत्कार झाला असता. इराणी सैन्याने इ. स. पूर्व ४९४ मध्ये मिलेटस हे अथेन्सशी नाते सांगणारे नगर उद्ध्वस्त केले. त्यावर फ्रिनिकसने ‘मिलेटसचा पाडाव’ हे नाटक केले. हेरोडोटस सांगतो की सारे प्रेक्षागृह रडले. आणि नंतर अथेन्सकरांनी, आपल्याच घरच्या दुःखाची आठवण करून दिली म्हणून, नाटककाराला १००० द्राख्मा दंड केला व त्या नाटकाच्या प्रयोगावर बंदी घातली. उलट एस्किलसने इ. स. पूर्व ४७२ मध्ये, सॅलॅमिसच्या विजयानंतर अवघ्या ८ वर्षांनी, पराभूत शत्रूच्या राजवाड्यातला आकांत ‘पर्शियन्स’ या नाटकात दाखविला, आणि तीच अथेन्सनगरी तो पाहत बसली. त्या वर्षीचे पारितोषिकही एस्किलसलाच मिळाले. अश्रू असले म्हणजे विरेचन झाले असे नाही. दुःख इतके जवळ नको की ते आपल्यालाच बुडवील, आणि इतके दूरही नको की आपला त्याच्याशी संबंध उरणार नाही.

अयोग्य दुःख पाहून करुणा वाटते, आणि आपल्यासारख्याचे दुःख पाहून भय वाटते, असे ॲरिस्टॉटलचे सांगणे आहे. येथे दैवाचा आणि विरेचनाचा प्रश्न एक होतो. ईडिपस दैवाच्या हातचे निव्वळ बाहुले असता, तर दरड कोसळून मेलेल्या वाटसरूबद्दल वाटते तेवढीच हळहळ वाटली असती. तो सर्वस्वी अपराधी असता, तर न्याय झाल्याचे समाधान वाटले असते. तो या दोहोंच्या मध्ये आहे, आणि आपण सारेच बहुधा तेथे आहोत. चांगल्या हेतूने दिलेला सल्ला ज्यांना आयुष्यभर सलतो असे वडील, आजार ओळखण्यात चार दिवस गेले म्हणून झोप उडालेला निष्णात वैद्य, अंगणात धावत आलेल्या मुलाला वाचवू न शकलेला सावध गाडीवान, यांना आपण समजावतो, ‘तुझा काय दोष?’ ते खरेही असते, तरी त्यांचे समाधान होत नाही. इंग्रज तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ साली अशाच एका निर्दोष वाहनचालकाचे उदाहरण घेतले होते. त्याचे आपण सांत्वन करू, परंतु तो लगेच सावरून कामाला लागला तर मनातून साशंकही होऊ, असे त्यांनी दाखवून दिले. ‘दोष नाही’ असे म्हणताना आपण त्या माणसाकडून त्याचे कृत्यच काढून घेऊ पाहतो, आणि ते त्याला देववत नाही. शोकांतिका ते काढून घेत नाही. इतर ठिकाणी ज्याला नाव नाही असे ते ओझे ती उजेडात, हजारोंच्या देखत ठेवते. विरेचन घडते ते यामुळे, असे आमचे मत आहे : भावना वाहून जाते म्हणून नव्हे, तर एकट्याने वाहिलेली गोष्ट अनेकांनी पाहिली म्हणून.

अर्थात कृत्य आपले म्हणणे याचा अर्थ जन्मभर स्वतःला शिक्षा करणे असा नव्हे. हेही सोफोक्लीसनेच सांगितले. आयुष्याच्या अखेरीस, नव्वदीच्या घरात, त्याने पुन्हा ईडिपसला हाती घेतले. ‘कोलोनस येथे ईडिपस’ हे नाटक त्याच्या मृत्यूनंतर इ. स. पूर्व ४०१ मध्ये रंगमंचावर आले. त्यात मुलीचा हात धरून भटकणारा वृद्ध ईडिपस ठामपणे सांगतो की मी नकळत केले, कायद्याच्या दृष्टीने मी निर्दोष आहे; कोणी जीव घ्यावयास धावून आला, तर तो आपला बाप आहे काय हे विचारीत बसणारा माणूस दाखवा. पहिल्या नाटकातला ईडिपस हात माझा होता म्हणतो, दुसऱ्यातला अपराध माझा नव्हता म्हणतो. यात विसंगती नाही. मात्र क्रम महत्त्वाचा आहे. ज्याने आधी कृत्य आपले म्हटले, त्यालाच पुढे निर्दोषपणाचा दावा करण्याचा अधिकार प्राप्त झाला. आरंभीच ‘नशिबात होते’ म्हणून मोकळा होणारा माणूस त्या दाव्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि जन्मभर ‘मीच केले’ म्हणत राहणाराही पोहोचत नाही.

त्या नाटकात थीसियस राजा या कलंकित म्हाताऱ्याला अथेन्सच्या भूमीत आश्रय देतो, आणि ज्याला एका नगराने घालवून दिले त्याचा मृत्यू दुसऱ्या नगराला वरदान ठरतो. आश्रय देण्यापूर्वी थीसियस त्याच्या अपराधाचा हिशेब मागत नाही. आपणही परदेशी म्हणून वाढलो होतो, एवढेच तो सांगतो. ज्यांच्या हातून काही घडून गेले आहे अशी माणसे प्रत्येक कुटुंबात असतात. त्यांना दोष देणे सोपे, आणि ‘दैवाचे खेळ’ म्हणून त्यांना गप्प बसविणेही तितकेच सोपे. त्यांच्या तोंडून ते तिसरे वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेणे आणि ऐकल्यावरही त्यांना घरात जागा देणे, हे मात्र दैवाकडे सोपविता येत नाही. ते करणे न करणे सर्वस्वी आपल्याच हाती आहे.